मुंबईतील निवासी आवारातील बाग आणि बांधकाम परवानगी : एक ऐतिहासिक अभ्यास (१८९८–२०२१)

गोषवारा

मुंबई शहरात निवासी इमारतींभोवतीच्या मोकळ्या जागेवर कायद्याचे नियंत्रण १८९८ पासून क्रमाक्रमाने वाढत गेले. हे नियंत्रण प्रथम प्रकाशाच्या कोनात, नंतर क्षेत्रफळाच्या टक्केवारीत आणि पुढे झाडांच्या संख्येत मोजले गेले. नकाशावर दाखविता येईल तेवढेच परवानगीच्या कक्षेत आले. माती आणि काळ या बागेच्या दोन मूलभूत गरजा तिच्या बाहेर राहिल्या. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा टप्प्याटप्प्याने मागोवा घेऊन तिचे आजच्या पुनर्विकासावर होणारे परिणाम तपासले आहेत.

बीजशब्द : मोकळी जागा, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, दादर-माटुंगा, वृक्ष प्राधिकरण, विकास नियंत्रण नियमावली, पोडियम.

प्रस्तावना

मुंबईत घर बांधावयाचे तर परवानगी लागते. आवारातील उभे झाड तोडावयाचे तर परवानगी लागते. परंतु घराभोवती बाग करावयाची तर स्वतंत्र परवानगी लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ ने विकासासाठी नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक केली. मात्र राहत्या इमारतीला लागून असलेल्या जमिनीचा निवासास अनुषंगिक असा वापर या बंधनातून वगळला. ही सवलत वरवर पाहता नागरिकाच्या सोयीची आहे. तिची दुसरी बाजू अशी की, बाग ही स्वतंत्र वस्तू म्हणून कायद्याच्या नजरेस पडत नाही. कायद्याला इमारत दिसते, इमारतीबाहेरची उरलेली जागा दिसते आणि त्या जागेतील झाड दिसते. या तिहींचे अर्ज निरनिराळ्या विभागांत जातात आणि त्यांचे निकषही निरनिराळे आहेत.

असे का झाले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. नगररचनेच्या इतिहासात गृहबांधणी, गिरणगाव, चाळसंस्कृती आणि जमिनीचे राजकारण या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. निवासी आवारातील बाग मात्र बहुधा ओघाने येते. निखिल राव यांनी १८९८ ते १९६४ या काळातील मुंबईच्या उपनगरी सदनिका-जीवनावर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथाचे शीर्षकच ‘हाउस, बट नो गार्डन’ असे आहे. घर मिळाले पण बाग नाही, ही स्थिती केवळ जागेच्या टंचाईतून आली नाही. परवानगीच्या पद्धतीचाही तीत वाटा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी वेगवेगळ्या काळांतील अधिनियम व नियमावल्या यांतील तरतुदी तुलनेने वाचल्या आहेत.

वाडी : परवानगीपूर्व काळातील बाग

गिरगावातील स्थलनामे पाहिली तरी मुंबईच्या जुन्या वसाहतीचे स्वरूप ध्यानात येते. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट ही नावे बागायतीची साक्ष देतात. ‘वाडी’ म्हणजे कुंपण घातलेली बागायत जमीन आणि तीत राहणाऱ्यांची वस्ती. ‘भाट’ हा शब्दही किनारपट्टीवर माड-बागायतीच्या जमिनीसाठी वापरला जातो. येथे घर हे बागेच्या आत होते. झाड हे उत्पन्नाचे साधन असल्याने त्याची निगा राखण्यासाठी वेगळ्या नियमाची गरज नव्हती.

एकोणिसाव्या शतकात गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांमुळे लोकसंख्या वाढली आणि वाडीतील रिकामी जागा चाळींनी भरत गेली. शब्द तोच राहिला, अर्थ पालटला. वाडी म्हणजे चाळींचा समूह असा अर्थ रूढ झाला. दोन इमारतींमध्ये उरली ती शौचकूप व सांडपाणी यांसाठी ठेवलेली अरुंद घरगल्ली. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ ने इमारत बांधण्याच्या इराद्याची नोटीस आयुक्तांना देणे बंधनकारक केले. बांधकामावरील शासकीय नियंत्रणाची ही चौकट आजही मूलतः कायम आहे.

प्रकाशाचा कोन : इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा काळ

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि दाट वस्तीचा प्रश्न एकाएकी ऐरणीवर आला. १८९८ च्या स्वतंत्र कायद्याने ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या हटविणे, रुंद रस्ते काढणे आणि नवी जमीन वसाहतीसाठी तयार करणे ही त्याची कामे होती. रोगाचे मूळ कोंदट हवेत आणि अंधारात आहे, या तत्कालीन समजुतीचा त्याच्या योजनांवर ठसा होता.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान देऊन ज्या नियमाचा आग्रह धरला, तो ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ म्हणून ओळखला जातो. खोलीच्या खिडकीखालच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी ६३½ अंशांहून अधिक कोन करता कामा नये, असे त्याचे सार होते. या कोनाचे गणित सोपे आहे. समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्म्याइतकी रुंद मोकळी जागा मध्ये हवी. चाळीस फूट उंचीच्या इमारतीसमोर वीस फूट.

मोकळी जागा ही परवानगीची अट म्हणून इतक्या नेमक्या मापात प्रथमच मांडली गेली, हे या नियमाचे ऐतिहासिक महत्त्व होय. तथापि त्या वीस फुटांत काय असावे, याविषयी नियम मौन बाळगतो. इतकेच नव्हे, त्या पट्ट्यात आंबा किंवा जांभूळ वाढू दिला तर ज्या उजेडासाठी जागा सोडली तोच तो अडवील. जागा जितकी मोकळी, तितकी ती नियमाच्या दृष्टीने उत्तम. आरोग्यशास्त्राला हवी असलेली मोकळी जागा आणि बागेला हवी असलेली भरलेली जागा यांतील हा अंतर्विरोध मुंबईच्या नियमांत तेव्हापासून मुरलेला आहे.

याच काळात पॅट्रिक गेडिस यांनी वेगळी दृष्टी मांडली. १९१४ मध्ये ते भारतात आले, १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातील काही गावांचे त्यांनी निरीक्षण केले आणि १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयाचे ते प्राध्यापक होते. पाडापाडीपूर्वी वस्तीचे बारकाईने सर्वेक्षण करावे, शक्य तितके जुने राखावे आणि मोकळ्या झालेल्या लहान जागांत झाडे लावून त्यांची देखभाल रहिवाशांकडे द्यावी, असा त्यांचा आग्रह असे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने भूखंडांची फेररचना करून रस्ते व सार्वजनिक मोकळ्या जागा काढण्याची सोय केली. परंतु गेडिस यांना अभिप्रेत असलेला रहिवाशांचा सहभाग नियमांच्या भाषेत उतरला नाही. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये गो. स. घुर्ये यांनी विभागाची धुरा घेतली आणि विभागाचे लक्ष जात, कुटुंब व संस्कृती या विषयांकडे वळले.

दादर-माटुंग्याचा अपवाद

ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत शेते आणि बागायती संपादन करून आखीव रस्त्यांची वसाहत उभारण्यात आली. योजना शतकाच्या आरंभीची असली तरी प्रत्यक्ष बांधकामाने वेग घेतला तो १९२० नंतर. भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. येथे ट्रस्ट एकाच वेळी जमीनमालक आणि नियंत्रक होता, ही बाब महत्त्वाची आहे. सामासिक अंतरे, उंची आणि वापर यांवरील बंधने बांधकाम नियमांबरोबरच भाडेकरारातही येत. करारभंग झाल्यास भाडेपट्टाच धोक्यात येई. म्हणून ही बंधने अधिक परिणामकारक होती.

याच भागातील पारसी कॉलनीचे उदाहरण उद्बोधक आहे. अभियंता मंचेरजी एदलजी जोशी यांनी ट्रस्टकडे पाठपुरावा करून मध्यमवर्गीय पारसी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले, असे सांगितले जाते. निरनिराळ्या रस्त्यांवर निरनिराळ्या जातींचे वृक्ष लावण्याची कल्पनाही त्यांच्याच नावावर आहे. लगतच्या पाच उद्यानांना पुढे त्यांचे नाव देण्यात आले. या भागाची आजची सावली एखाद्या नियमाच्या अंमलबजावणीतून आलेली नाही. कमी उंचीच्या इमारती, रस्त्याकडेला मिळालेली माती, वृक्षांची विचारपूर्वक निवड आणि दशकानुदशके लक्ष ठेवणारे रहिवासी हे चार घटक एकत्र आले. यांपैकी केवळ पहिला घटक परवानगीच्या कागदावर होता.

१९३३ मध्ये ट्रस्टचे काम महानगरपालिकेत विलीन झाले. महानगरपालिका जमीनमालक झाली. पण भाडेपट्ट्याचे व्यवस्थापन आणि इमारतीची परवानगी ही वेगवेगळ्या विभागांची कामे ठरली. मालकी व नियंत्रण यांचे जे ऐक्य ट्रस्टमध्ये होते, ते विरळ झाले.

नामंजुरीचा परवाना

मुंबईच्या परवानगी पद्धतीचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविणे आवश्यक आहे. नकाशे दाखल झाल्यानंतर १८८८ च्या अधिनियमातील कलम ३४६ अन्वये जो कागद दिला जातो त्यास व्यवहारात ‘आय.ओ.डी.’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘नामंजुरीची सूचना’ असा आहे. अमुक अटी पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव नामंजूर, अशी त्याची रचना असते. आणि त्या अटींची यादी हाच परवानगीचा खरा आशय असतो. अटींची पूर्तता झाली की १९६६ च्या अधिनियमाखाली प्रारंभ प्रमाणपत्र मिळते आणि बांधकामाच्या अखेरीस भोगवटा प्रमाणपत्र.

बागेचा विषय या रचनेत कोठे येतो? अटींच्या यादीतील एक ओळ म्हणून. उद्यान विभागाचा ना-हरकत दाखला कामाच्या आरंभी आणि भोगवट्यापूर्वी आणावा लागतो. दोन्ही वेळी झाडे मोजली जातात. म्हणजे बागेची तपासणी जेव्हा होते तेव्हा बाग एक तर नष्ट होण्याच्या बेतात असते किंवा नुकतीच लावलेली असते. तिचे प्रत्यक्ष आयुष्य भोगवटा प्रमाणपत्रानंतर सुरू होते, आणि तेथे परवानगीची प्रक्रिया संपलेली असते.

रिकामी जमीन आणि मोजलेले झाड

१९७० च्या दशकातील दोन कायद्यांनी निवासी आवाराकडे परस्परविरोधी दृष्टींनी पाहिले.

पहिला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. खाजगी आवारातील झाडही मालकाला स्वेच्छेने तोडता येणार नाही, हे तत्त्व या कायद्याने प्रस्थापित केले. वृक्ष प्राधिकरण, वृक्षगणना, कारणे व झाडाची जागा दर्शविणाऱ्या नकाशासह लेखी अर्ज, अधिकाऱ्याकडून चौकशी हा क्रम त्याने घालून दिला. तोडावयाच्या झाडावर नोटीस लावण्याची आणि वृत्तपत्रात जाहीर करण्याची तरतूद पुढे उपयुक्त ठरली. झाडाच्या बुंध्यावर चिकटविलेला तो कागद हा या प्रक्रियेतील एकमेव असा क्षण आहे, जेव्हा अर्जदार नसलेल्या शेजाऱ्यालाही बोलण्याचा अधिकार मिळतो.

दुसरा नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियम, १९७६. मुंबईसारख्या नागरी समूहात रिकाम्या जमिनीची धारणामर्यादा ५०० चौरस मीटर ठरली. इमारतीलगतच्या ठरावीक क्षेत्रापलीकडील आवार हे ‘रिकामी जमीन’ ठरू लागले. शेतीच्या व्याख्येत फळबागायतीचा समावेश होता. गवत वाढविणे मात्र स्पष्टपणे वगळलेले होते. जमिनीचे केंद्रीकरण रोखण्याचा या कायद्याचा हेतू रास्त होता. तथापि जुन्या बंगल्याभोवतीची हिरवळ आणि वृक्षराजी कायद्याच्या भाषेत ‘काहीही नसलेली जागा’ झाली. एकाच आवारातील झाड १९७५ च्या कायद्याने संरक्षित आणि ते ज्या मातीत उभे ती १९७६ च्या कायद्याने अतिरिक्त, असा प्रसंग संभवत होता. हा दुसरा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये निरसित झाला; तोवर अनेक आवारांचे स्वरूप बदलून गेले होते.

टक्केवारीची बाग : १९९१ ची नियमावली

मुंबईची विकास नियंत्रण नियमावली, १९९१ हिच्यातील नियम २३ हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे. अभिन्यासातील १,००१ ते २,५०० चौ.मी. क्षेत्राच्या भूखंडावर १५ टक्के, २,५०१ ते १०,००० चौ.मी.वर २० टक्के आणि त्याहून मोठ्या क्षेत्रावर २५ टक्के करमणुकीची मोकळी जागा ठेवणे बंधनकारक झाले. ही जागा आकाशाखाली कायम खुली असावी, सर्व रहिवाशांना वापरता यावी आणि तीत बाग किंवा क्रीडांगण असावे, असे नियमाने म्हटले. या मोकळ्या जागेच्या दर १०० चौ.मी.ला पाच झाडे असे प्रमाणही घालून दिले. बाग हा शब्द येथे बंधनकारक तरतुदीत स्पष्टपणे अवतरला, हे नि:संशय पुढचे पाऊल होते.

उदाहरणाने पाहू. दोन हजार चौरस मीटरच्या भूखंडावर ३०० चौ.मी. मोकळी जागा आणि १५ झाडे लागतील. झाडे मात्र संपूर्ण भूखंडात कोठेही लावता येतात. साहजिकच ती कुंपणाच्या भिंतीलगत, सांडपाण्याच्या नळांच्या आणि फरसबंदीच्या मध्ये ओळीने लावली जातात. पंधरा ही संख्या पूर्ण होते. ती झाडे कोणत्या जातीची, त्यांना मुळे पसरण्यास किती माती, पाणी कोण घालणार, हे प्रश्न नियमाच्या बाहेर आहेत. ताम्हण आणि शोभेचा पाम हे मोजणीत समान ठरतात.

पोडियम : बाग जमीन सोडते

२००० नंतर वाहनतळाच्या वाढत्या गरजेमुळे तळघरे आणि पोडियम रूढ झाले आणि करमणुकीची जागा वाहनतळाच्या छतावर नेण्याची प्रथा पडली. नकाशावर पाहिले तर टक्केवारी तीच भरते. वस्तुतः फार मोठा फरक पडतो. ओल्या मातीचे वजन एका घनमीटरला सुमारे दीड ते दोन टन असते. स्लॅबवर एक मीटर जाडीचा थर द्यावयाचा तर प्रत्येक चौरस मीटरला तेवढा भार पेलणारी रचना करावी लागते. खर्च वाचविण्यासाठी थर पातळ होतो, आणि पातळ थरात हिरवळ व झुडपेच तग धरतात. पावसाचे पाणी जमिनीत न मुरता नळांवाटे बाहेर जाते. मुंबईत २००२ मध्ये मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजलसंचय सक्तीचा करण्यात आला होता. त्याच काळात पाणी मुरविणारी नैसर्गिक जमीन काँक्रीटखाली जात होती.

१७ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बृहन्मुंबई महानगरपालिका आणि एक बांधकाम कंपनी यांच्यातील प्रकरणात या प्रथेला मर्यादा घातली. नियम २३ नुसार आवश्यक असलेली किमान करमणुकीची जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, पोडियमचा आधार घेऊन ती घटविता येणार नाही, असा निर्णय दिला गेला. २०१८ मध्ये अमलात आलेल्या नव्या नियमावलीने तडजोडीचा मार्ग स्वीकारला. काही हिस्सा जमिनीवर, त्यातील काही मूळ मातीवर आणि उरलेला पोडियमवर, अशी विभागणी तीत आहे. ‘मूळ माती’ ही कल्पना नियमात आली, हेच मुळात लक्षणीय आहे. आधी ती सांगावी लागली नव्हती.

मोठ्या प्रकल्पांपुरती आणखी एक वाट उघडली होती. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौ.मी. व त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्व पर्यावरण मंजुरी आवश्यक झाली आणि तीसाठीच्या अर्जात वनस्पतींविषयीची माहिती मागविण्यात आली. त्यामुळे उद्यानरचनेचा आराखडा हा परवानगीचा दस्तऐवज बनला. मध्यम आकाराची गृहनिर्माण संस्था, जी मुंबईच्या पुनर्विकासात सर्वाधिक आढळते, ती या कक्षेबाहेर राहिली.

२०२१ मध्ये वृक्ष अधिनियमात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ असा दर्जा देण्यात आला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. संख्येपलीकडे जाऊन काळाचे मोजमाप करण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होय. परंतु पन्नास वर्षांच्या एका वृक्षाऐवजी लावलेली पन्नास रोपे त्याच आवारात मावणार नाहीत, हे उघड आहे. भरपाई दुसरीकडे होते. सावली गेलेले अंगण तसेच राहते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुंबईतील निवासी मोकळ्या जागेचे नियमन आरोग्याच्या हेतूने सुरू झाले. जागा ‘मोकळी’ असण्यावर त्याचा भर होता. बाग हा त्याचा उद्देश नव्हता, आणि काही बाबतींत ती त्या उद्देशाच्या आड येणारी होती.

२. प्रत्येक टप्प्यावर नियमाने ते स्वीकारले जे नकाशावर दाखविता येते व अधिकाऱ्याला पडताळता येते : कोन, टक्केवारी, संख्या. मातीची खोली आणि देखभालीचा काळ २०१८ व २०२१ पर्यंत नियमांत जवळजवळ अनुपस्थित होते.

३. दादर-माटुंग्यासारख्या भागात जेथे हिरवाई टिकली तेथे जमीनमालकाच्या नात्याने घातलेल्या अटी आणि रहिवाशांचे सातत्य निर्णायक ठरले. २०१२ मध्ये वारसा-परिसरांची प्रस्तावित यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागातील अनेक रहिवाशांनीच तिला विरोध केला. पुनर्विकासाचा हक्क गमावण्याची त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. केवळ निर्बंधांनी बाग वाचत नाही, हेच त्यातून दिसते.

या पार्श्वभूमीवर दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, इमारतीच्या नकाशाबरोबर आवाराचा उभा छेद मागविला जावा. त्यात मातीची खोली, उभ्या झाडांचा पसारा आणि मुळांसाठी राखलेला भाग दाखविला जावा. हे नकाशावर दाखविता येते, म्हणजेच पडताळताही येते. विद्यमान पद्धतीला ते परके नाही. दुसरी सूचना महाविद्यालयांसाठी आहे. पुनर्विकासास निघालेल्या वाड्या व वसाहती यांतील झाडांची जात, अंदाजे वय, लावणाऱ्याची आठवण आणि त्यांच्याशी जोडलेला वापर यांची नोंद वनस्पतिशास्त्र, इतिहास व समाजशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येईल. वृक्षगणनेच्या तक्त्यात आठवणीसाठी रकाना नसतो. फणसवाडीत फणस होते, हे आज आपणास केवळ नावावरून कळते. आज तोडल्या जाणाऱ्या आवारांच्या बाबतीत पुढील पिढीला तेवढाही पुरावा उरेल की नाही, हे आपण ही नोंद आता करतो की नाही यावर अवलंबून आहे.